मल्लेश ऑपरेटरचा खोका

शेठ सिनेमाच्या मशीनच्या खोलीत शिरला रे शिरला, की मल्लेशच्या एका हातात तेलाची बुधली यायची आणि दुसऱ्यात पुसायचं फडकं. मशीन नुकतंच पुसून झालेलं असलं तरी तो पुन्हा पुसायला लागायचा. मला आधी वाटलं, माणूस कामसू आहे. मग एकदा विचारलंच, तर म्हणाला, "हात रिकामे दिसले की जोडा लागतात, अक्का. म्हून रिकामे ठेवतच नाई."

सहा वर्षं मी हे पाहिलं. सहा वर्षांत त्याने शेठला एकदाही नमस्कार केला नाही, आणि मल्लेश उद्धट आहे असंही शेठला कधी म्हणता आलं नाही.

मी तेव्हा तंबूच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर होते. लढाईचे दिवस होते. लायसनवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं छापलेलं असायचं आणि त्या कागदावर आमचा तंबू अमरावतीच्या राजापेठेतून अंजनगावला, अंजनगावातून अकोल्याला असा फिरायचा. तंबूत उजव्या अंगाला कनात ताणून बायकांची जागा वेगळी काढलेली असे. तिचं दारही वेगळं, आणि त्या दारावर मी. नवरा वारलेला, चौथी पास, तोंडाची फटकळ. शेठला अशीच बाई हवी होती. माझ्या दारातून एकही पुरुष आत गेला नाही. एकदा खुद्द शेठ बायकोला बोलवायला आला, त्यालाही मी बाहेर थांबवलं आणि आत निरोप धाडला. तो उलट खूश झाला. चांगल्या घरच्या बायका आमच्या तंबूत येत त्या या दाराच्या भरवशावर, हे त्याला कळत होतं.

पुढे मी अमरावतीला मास्तरीण झाले, पोरींना शुद्धलेखन शिकवण्यात जन्म गेला, म्हणून इथे शुद्ध लिहिते आहे. पण बोलत होतो आम्ही वऱ्हाडीच, ते तसंच ठेवते. नाक मुरडायचं त्याने खुशाल मुरडावं.

मल्लेश काटकुळा, उंच, मशीनच्या उजेडाने डोळे कायम लालसर. त्याचं घराणं निजामाच्या तेलुगू मुलखातलं. बाप नरसय्या तरुणपणी अकोल्याला आला आणि इथलाच झाला. मल्लेश बापाला ‘नायना’ म्हणायचा, मला ‘अक्का’. अक्का म्हणजे थोरली बहीण, हे त्यानेच सांगितलं. मी त्याच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेन, पण म्हटलं, असू दे.

त्याचा ताठा कसा होता ते सांगते. अंजनगावला एकदा खेळ अर्धा झाल्यावर एक बडा मालगुजार आला, मागे चार माणसं. आल्या आल्या म्हणाला, पहिल्यापासून लावा. शेठ "हो हो" करत मशीनकडे धावला. मल्लेश म्हणाला, "मशीन मागं जात नाई." शेठ म्हणाला, "अबे, रीळ बदलव ना." हा म्हणाला, "बदलवतो. पण बाकीचे लोकं अर्ध्यावरून उठून परत पहिल्यापासून बसतीन का, हे तुमी जाऊन त्याइले इचारा. मी थांबतो." शेठ कसला विचारतो. मालगुजार तसाच अर्ध्यावरून बसला आणि शेवटी टाळ्या वाजवून गेला.

त्याला काढून टाकावं असं शेठच्या मनात दर महिन्याला येत असणार. पण ते मशीन म्हातारं, खोकलं की थांबायचं, आणि त्याची नस फक्त मल्लेशला ठाऊक. त्याने ती कुणाला शिकवली नाही. मुद्दाम नाही शिकवली.

मशीनच्या खोलीत बसायला स्टूल होतं, पण मल्लेश त्यावर बसत नसे. तो बसायचा एका देवदारी खोक्यावर. रॉकेलचे दोन डबे ज्यात येत तसला खोका. एक फळी फुटून पुन्हा खिळे ठोकून सांधलेली. तंबू हलला की सामान बैलगाड्यांतून जायचं, खोका मात्र मल्लेशच्या खांद्यावर.

त्या खोक्याची गोष्ट त्याने मला राजापेठेत सांगितली, जिथे ती घडली त्याच जागी उभं राहून.

बोलपट यायच्या आधी चित्रं मुकी होती. पडद्यावर माणसं नुसती ओठ हलवायची. तेव्हा पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, राजाचं बोलणं राजाच्या आवाजात, राणीचं राणीच्या. आमच्या शेठकडे हे काम नरसय्याकडे होतं. हातात वेताची छडी, अंगात काळा कोट, आणि मागच्यांना दिसावं म्हणून पायाखाली हा खोका. लोक चित्र पाहायला नाही, नरसय्याला ऐकायला येत, असं जुनी माणसं सांगत. त्याने एकदा भूक लागलेल्या पोराचं असं काही वर्णन केलं, की लोकांनी पडद्यावर भाकरी फेकल्या म्हणे.

मग बोलपट आला. राजापेठेतल्या पहिल्या खेळाला दिवे गेले, पडदा उजळला, आणि नरसय्या सवयीने खोक्यावर चढला. "बसा बाप्पा सारे, आयका," एवढंच बोलला. शेठ बॅटरी घेऊन आला. "आता पडदा बोलून राह्यला, तू कायले भुकतं?" असं म्हणून त्याने खोक्याला लाथ घातली. नरसय्या तोंडावर पडला. दोन दात गेले. दात गेल्याचं त्याला काही नव्हतं. त्याच्या बोलण्यावर भाकरी फेकणारे लोक त्या दिवशी हसले, ते त्याला लागलं. त्या दिवसापासून नरसय्या बोलला नाही.

मुका झाला नव्हता. बोलत नव्हता. अकोल्याला दोन खोल्यांत नवार विणत बसायचा, खाटेची पट्टी असते ती. जेवायला वाढलं की मान हलवायचा, पुरे झालं की हात आडवा करायचा. असं आठ-नऊ वर्षं.

तंबू अकोल्यात असला की मल्लेश रोज दुपारी घरी जायचा. बापाची दाढी करायचा, डोक्याला तेल लावायचा, आणि लावता लावता एक प्रश्न विचारायचा. रोज एकच, पण नवा. "नायना, आज भाजी कोनती करू?" "नायना, तुया गावची नदी कोन्या अंगाले वायते?" प्रश्न विचारून थांबायचा. मी एकदा सोबत गेले होते, मला तर ते थांबणं सोसवेना. एखाद्या उत्तरासाठी माणूस एवढा वेळ वस्तरा हातात धरून उभा राहतो का. म्हातारा समोर पाहत राहिला. मल्लेशने वस्तरा पुसला आणि म्हणाला, "बरं, उद्या सांग."

परत येताना मी चिडले. म्हटलं, "ज्याने बापाले लाथ मारली त्याच्याच घरचं मशीन चालवतं तू? लाज नाई वाटत?"

तो म्हणाला, "दुसऱ्याकडं गेलो तर हे मले दिसन कसं?"

"काय दिसायचं आहे?"

"खोका याच्याच पायानं गेला, अक्का. तो याच्याच हातानं लागला पायजे. साऱ्या लोकायसमोर. अन् नायना त्याच्यावर उभा राहून बोलला पायजे. तोवर मी हालत नाई इथून."

मी म्हटलं, "शेठ इसरलाही असन."

"तो इसरला. मी कावून इसरू?"

आणि मग तो उन्हाळा आला. आमचा तंबू अकोल्याला मोर्णेच्या काठी लागला होता. नव्या हिंदी चित्राची जाहिरात गावभर झाली होती, टांग्यातून बँड फिरला होता. डबे रेल्वेने यायचे. मल्लेश सकाळी पार्सल ऑफिसातून डबे घेऊन आला आणि ते खोलीत ठेवून तिथेच बसून राहिला. त्या दुपारी तो दाढीला घरीही गेला नाही.

दिवेलागणीला तंबू भरला. बायकांच्या बाजूला तर पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे गेले, पडद्यावर नावं आली, आणि कुणालाच वाचता येईनात. वळणावळणांची गोल अक्षरं. मग एक नावाडी बोलायला लागला, त्याचा एक शब्द कुणाला कळेना. लोक आधी हसले, मग शिट्ट्या, मग ओरडा. पैसे परत द्या, नाहीतर तंबू पेटवतो. शेठ धावत मशीनकडे गेला, मीही गेले. मल्लेशने मशीन बंद केलं होतं. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्यात फडकं.

"हे काय लावलं बे?"

"तेलुगू हाय, मालक, गोदावरीवरच्या नावाड्याचं. पार्सलात अदलाबदल झाली दिसते."

"मंग आपलं?"

"ते रेल्वेनं मुंबईले गेलं असन आतापर्यंत. वापस यायले आठ दिवस."

बाहेर बाकं आपटायला लागली होती. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, "तुले तर समजते ना ही भाषा? तू जाऊन सांग काहीतरी."

"मी सांगतो, पन मशीन कोन चालवीन?" मल्लेशने फडकं घडी करून ठेवलं. "अकोल्यात सांगनारा एकच मानूस हाय. तुमी त्याले ओयखता."

शेठला खोक्याची आठवण त्या क्षणी झाली. मी त्याचा चेहरा पाहिला आहे. नाही म्हणून सुटण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोकांना अर्ध्या तासाचा वायदा देऊन टांगा जोडला. शेठला घर ठाऊक नव्हतं, म्हणून मला सोबत नेलं.

नरसय्या चिमणीच्या उजेडात नवार विणत होता. शेठ दारात उभा राहिला आणि त्याने हात जोडले. म्हातारा विणत राहिला. मी म्हटलं, "बाबा, चित्र तेलुगूत हाय. गोदावरीवरच्या नावाड्याचं." त्याचा हात थांबला. उठला, खुंटीवरचा काळा कोट घातला, कोपऱ्यातली छडी घेतली. कोट आता त्याला मोठा होत होता. एक शब्द न बोलता टांग्यात बसला.

तंबूत पोचलो तर मल्लेश मशीनच्या खोलीच्या खिडकीतून खोका खाली धरून उभा. "मालक, हा घ्या," म्हणाला. "तुमच्या हातानं लावा. तुमी लावला की मशीन चालू होते."

शेठने खोका घेतला. सगळा तंबू पाहत होता. डोक्यावरची काळी टोपी घसरली तरी ती सावरायला हात मोकळा नव्हता. पडद्याशेजारी वाकून त्याने खोका ठेवला. जुनी माणसं होती त्यांना कळलं, ती गप्प झाली, आणि त्यांचं पाहून बाकीचे गप्प झाले. नरसय्या खोक्यावर चढला. मशीन सुरू झालं. पडदा बोलत होता आणि म्हातारा उभाच. मला वाटलं, संपलं, हा काही बोलत नाही. मी कनातीचा दोर हातात गच्च धरून उभी होते.

मग तो म्हणाला, "बसा बाप्पा सारे, आयका."

आवाज फाटका होता. दोन दात नसल्यामुळे शब्द सुटत होते. पण पाच मिनिटांत कुणाला ते आठवेना. गोष्ट अशी होती: जमीनदार एका म्हाताऱ्या नावाड्याचा डोंगा जाळतो, म्हातारा काठावर बसून झुरतो, आणि त्याचा पोरगा वर्षानुवर्षं सूड मनात धरून त्याच जमीनदाराकडे चाकरीला राहतो. शेवटी एकदा पुरात जमीनदाराला डोंग्यात घालून नदीच्या मधोमध नेतो. पोरगा वल्हं उगारतो. तंबूत लोक उभे राहिले, "मार मार" करायला लागले. नरसय्याने छडी वर केली.

"मारीन," तो म्हणाला. "मारल्याशिवाय राह्यत नाई हा. इतके वर्सं त्याच्यासाठीच जगला. पन बापाले इचारलं का कोनी? बाप तिकडं काठावर बसला हाय. त्याले डोंगा पायजे होता. मुर्दा नाई."

पडद्यावर जमीनदार बुडाला. टाळी एकही वाजली नाही. लोक चित्राकडे नाही, म्हाताऱ्याकडे पाहत होते.

खेळ सुटल्यावर मल्लेश खाली आला. मला वाटलं, बापाच्या पाया पडेल, रडेल. कसचं काय. चांगला तणतणत आला. "नायना, म्या नऊ वर्सं दम धरला, अन् तू लोकायसमोर मलेच बोलतं?"

नरसय्या खोक्यावर बसला होता. सांधलेल्या फळीवरून हात फिरवत म्हणाला, "हा कुठं होता?"

"माह्याजवळ. मीच तर सांधला."

"तू याच्यावर बसून राह्यला नऊ वर्सं?"

"मंग?"

"घरी आनला असता तर घरीच बोललो असतो."

मल्लेश म्हणाला, "मंग मालकानं लावला नसता ना." आणि दोघंही हट्टी बापलेक एकमेकांकडे न पाहता घराकडे निघाले. मी खूप हसले त्या दिवशी, आणि मग घरी जाऊन रडलेही. नऊ वर्षं एकाला जे हवं होतं त्यावर दुसरा बसून होता, आणि बसला होता तो त्याच्याच प्रेमापोटी.

दुसऱ्या दिवशी शेठ पार्सल ऑफिसात गेला. तिथल्या बाबूने सांगितलं, डब्यांच्या दोन थप्प्या होत्या. तेलुगू डबे निजामाकडून मोटारीने आलेले, रेल्वेत घालून मुंबईला धाडायचे होते. "तुमच्या मानसाले म्हटलं, तुमचे कोनते ते उचला. त्यानं दोनी थप्प्या उलटून पाह्यल्या, वाचल्या, अन् मंग उचलल्या."

शेठने साऱ्यांसमोर मल्लेशला विचारलं. माझ्या मनात आलं, खोटं बोल बाबा, चुकलो म्हण. मल्लेश म्हणाला, "चुकलो नाई. वाचता येते मले."

त्याला तिथल्या तिथे काढलं. आणि शेठने साऱ्या दारांवर हुकूम दिला, हा माणूस तंबूत पाऊल ठेवणार नाही, तिकीट काढलं तरी नाही. गावातल्या थेटरातला ऑपरेटर उसना आणला, तो मशीन कसंबसं ढकलायचा. दुसरं चित्र नव्हतं, आणि संध्याकाळी तर कालच्या दुप्पट गर्दी, साऱ्यांना म्हातारा ऐकायचा होता. नरसय्या आला. खोक्यावर चढला नाही, बसला.

"सुरू करा," शेठ म्हणाला.

"पोरगा कुठं हाय?"

"तो येत नाई आत. माहा तंबू हाय."

"बरं," नरसय्या म्हणाला, आणि पुन्हा तसाच गप्प झाला, जसा आठ-नऊ वर्षं होता. लोक ओरडले, शेठ ओरडला. म्हातारा समोर पाहत बसला. मला ते पाहणं ओळखीचं होतं. हा आता परत कधी बोलणार नाही, हे मला दिसत होतं.

मी दाराबाहेर आले. फुटाणेवाल्याच्या गाडीपाशी मल्लेश उभा होता. हात रिकामे. कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्याला, एकदा खिशात, एकदा पाठीमागे.

"चाल आत," मी म्हटलं.

"दारावर मानूस उभा हाय, अक्का."

"त्या दारावर. या दारावर मी हाय."

"बायकांतून?"

"कावून, बायका खातात का तुले?"

मी कनात वर उचलली. सहा वर्षांत एकाही पुरुषासाठी उचलली नव्हती. नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं, आणि ते चित्र उतरल्यावर गेलीच. तो मान खाली घालून शिरला. आत आधी गलका झाला, मग कुणीतरी म्हणालं, "त्या म्हाताऱ्याचा पोरगा हाय व माय," आणि बायका सरकल्या. फुलं विकणारी एक म्हातारी होती, नऊवारी आवरत तिने शेजारी जागा केली. जागा अपुरी, म्हणून एका बाईने आपलं लेकरू उचलून त्याच्याच मांडीवर दिलं.

शेठला दिसलं. तरातरा कनातीपाशी आला. मी दारात उभी. मागून फुलवाली म्हणाली, "मालक, तुमीच ठरवलं ना, बायकांत मानसानं पाय नाई ठेवायचा. तुमी ठेवता का?" शंभर बायका त्याच्याकडे पाहत होत्या. त्याच बायकांच्या भरवशावर त्याचा तंबू उभा होता. तो एक पाऊल उचलून थांबला, आणि मागे वळला.

नरसय्या उठला. खोक्यावर चढला. कनातीकडे छडी दाखवून म्हणाला, "तो तिकडं एक पोरगा बसला हाय. बापाचं आयकत नाई. आज आयकीन. बसा बाप्पा सारे."

आठ दिवस ते चित्र चाललं, आणि आठही दिवस मल्लेश बायकांत बसला, बिनकामाचा, मांडीवर कुणाचं ना कुणाचं लेकरू घेऊन. हिंदी डबे परत आले त्या दिवशी बापलेक रेल्वेने निघाले. नरसय्याला एकदा आपल्या गावची नदी पाहायची होती.

मी स्टेशनवर गेले. नरसय्या डब्यात बसलेला, खिडकीतून बोलत होता. शेजारच्या प्रवाशाशी, हमालाशी, माझ्याशी, गाडी का उशीर करते आहे, नदी कोणत्या अंगाला वाहते, थांबतच नव्हता. मल्लेश दारात उभा होता, खोका खांद्यावर. शिट्टी झाली तेव्हा त्याने तो खांद्यावरून उतरवला, पायाशी ठेवला, आणि मला हात जोडले.